सवालाचा पैसा आणि पुराचे पाणी

(कुंडल येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कलिकुंड पार्श्वनाथांच्या या क्षेत्री उभे राहून सवालाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्ट्यच. पंचकल्याणक पूजेत इंद्र-इंद्राणीचा मान कोणाचा, हे आपल्याकडे सवालाने ठरते. बोली चढते, आणि तिजबरोबर घराण्यांची ईर्षाही चढते. मी तिला नावे ठेवीत नाही. तिच्यामुळे कित्येक मंदिरे उभी राहिली आहेत.

अशीच बोली सातासमुद्रापलीकडे मेनोनाइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ लावतो. सोळाव्या शतकात युरोपात उदयास आलेला हा पंथ शस्त्र हाती धरीत नाही, आणि या व्रतापायी त्याने छळ व देशत्याग सोसला. जैनांस त्याची ओळख निराळी करून देणे नको! १९२० साली रशियातील आपल्या उपाशी बांधवांसाठी अमेरिकेतील मेनोनाइटांनी एक मध्यवर्ती समिती स्थापिली. पुढे तिचे साहाय्य परक्यांसही मिळू लागले. १९४२ मध्ये ती कलकत्त्यासही पोहोचली.

या समितीसाठी ठिकठिकाणी जत्रा भरतात. कॅनडातील न्यू हॅम्बर्ग गावी १९६७ साली अशी जत्रा सुरू झाली. स्त्रिया एकत्र बसून हाताने गोधड्या शिवतात. आपली वाकळच ती, परंतु नक्षी पाहून डोळे निवावेत. त्या गोधड्या दान म्हणून येतात व जत्रेत लिलावाने विकल्या जातात. वस्तूस मूळ किंमत पडत नाही, राबणारे हात वेतन घेत नाहीत. म्हणून आलेल्या रकमेचा फार मोठा भाग संकटग्रस्तांपर्यंत जातो. तेथेही ईर्षा असतेच. मात्र जिंकणारा घरी गोधडी नेतो, आणि त्याचा पैसा अनोळखी माणसाच्या ताटात पडतो.

आता आपल्याकडे पाहू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात, सांगलीस कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. ८ ऑगस्टला याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली. त्यानंतर मदतीचा ओघ आला, हे खरे; परंतु तो पाणी चढल्यावर आला. नाव, दोर, औषधे आणि शिधा आधी हाताशी असावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, देवाचा पैसा दुसरीकडे कसा वळवावा? वळवूच नये. ज्या हेतूने दान घेतले, त्याच हेतूने ते खर्चावे. म्हणूनच माझी सूचना अशी की, एक सवाल आरंभीच पूरनिवारणासाठी म्हणून पुकारावा. ज्यास ते रुचणार नाही, त्याने त्या सवालात बोलू नये; त्याचा राग नाही.

आणि आपल्या भगिनींनी त्या यात्रेत वाकळांचाही लिलाव मांडावा. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवण्यात आपल्या आज्या कोणास हार जात नसत.

ही रक्कम निराळ्या खात्यात राहावी. तिच्यातून काय घेतले, कोणत्या गावी ठेवले, आणि शिल्लक किती, याचा हिशेब पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावा. जाहिरातींची पाने एकदोन कमी झाली तरी चालेल.