थर्मोपिली : मोजलेले आणि न मोजलेले



वार्षिक मेळाव्यात आम्ही आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी आपली नेहमीची अपेक्षा असते. यंदा रक्तदाब आणि मधुमेह बाजूला ठेवून आम्ही इतिहासाकडे वळलो आहोत. त्याला कारण आपल्याच रविवारच्या वर्गातील एक मुलगी. शाळेत तिला थर्मोपिलीच्या लढाईचा धडा होता. तीनशे स्पार्टन वीरांनी इराणी सम्राटाच्या अफाट सैन्याला कसे रोखून धरले, हे तिने आम्हांस मोठ्या उत्साहाने सांगितले आणि शेवटी सहज विचारले, "पण या तीनशे जणांचा स्वयंपाक कोण करीत होते?" आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा ग्रंथ पुन्हा उघडला. आजचे आमचे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम प्रसंग ध्यानात घेऊ. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी सैन्याचा पराभव झाला होता. दहा वर्षांनी, इ.स.पू. ४८० मध्ये, सम्राट झर्क्सिस स्वतः प्रचंड सेना घेऊन ग्रीसवर चालून आला. हिरोडोटस केवळ पायदळ सतरा लक्ष सांगतो. आजचे बहुतेक इतिहासकार हा आकडा एक ते तीन लाखांच्या आसपास आणतात. तरीही ग्रीकांच्या मानाने ते सैन्य अनेक पटींनी मोठे होते, यात शंका नाही. या सेनेत सुती वस्त्रे ल्यालेले, वेताची धनुष्ये घेतलेले भारतीय सैनिकही होते, अशी नोंद हिरोडोटसने केली आहे.

एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मधे चिंचोळी वाट, अशी थर्मोपिलीची खिंड होती. तेथील गंधकयुक्त गरम झऱ्यांवरूनच तिला हे नाव पडले. वाट इतकी अरुंद की काही ठिकाणी एकच गाडी जाऊ शके. अशा जागी मोठ्या सैन्याचे मोठेपण निरुपयोगी ठरते. ग्रीकांच्या ढाली जड, भाले लांब. इराण्यांचे भाले आखूड. दोन दिवस खिंड अभेद्य राहिली. नंतर एफियाल्टिस नावाच्या स्थानिक माणसाने डोंगरातील आडवाट शत्रूला दाखविली आणि तिसऱ्या दिवशी ग्रीक सैन्य वेढले गेले. स्पार्टाचा राजा लिओनिडास याने बहुतेक मित्रसैन्यास परत पाठविले आणि स्वतः तेथेच लढत मरण पत्करले.

हे शौर्य खरे आहे. ते लहान करून दाखविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमची तक्रार आकड्याविषयी आहे.

खिंडीत आरंभी तीनशे नव्हे, सुमारे सात हजार ग्रीक होते. अखेरच्या दिवशीही स्पार्टन एकटे नव्हते. थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे सैनिक आपला सेनानी डिमोफिलस याच्यासह स्वेच्छेने मागे राहिले आणि मारले गेले. म्हणजे तीनशेंच्या दुपटीहून अधिक. पुढे शत्रूने त्यांचे नगरही जाळले. खिंडीजवळ लिओनिडासचा भव्य पुतळा १९५५ मध्ये उभा राहिला. थेस्पियाच्या वीरांचे स्मारक होण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

निदान त्यांची संख्या तरी इतिहासात नोंदली गेली. त्यांच्याही मागे जी माणसे उभी होती, त्यांना हेलोट म्हणत.

स्पार्टाचा नागरिक शेती करीत नसे. तो जन्मभर युद्धाची तालीम करी आणि त्याची जमीन हेलोट कसत. लॅकोनिया आणि मेसेनिया या प्रदेशांतील ही जिंकली गेलेली जनता पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला जखडलेली होती. प्लुटार्कने ॲरिस्टॉटलच्या आधारे असे लिहून ठेवले आहे की, स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत. कशासाठी? वर्षभरात एखादा हेलोट मारला गेला, तर मारणाऱ्यास पातक लागू नये यासाठी. बंधूंनो, या वाक्यावर आम्ही भाष्य करणार नाही. आपल्याला त्याची गरज नाही.

हे हेलोट थर्मोपिलीस होते काय? होते. लढाईनंतर झर्क्सिसने आपल्या आरमारातील लोकांना रणभूमी पाहण्यास बोलाविले. स्वतःचे बहुसंख्य मृत सैनिक त्याने आधीच चरांत पुरून टाकले होते. ग्रीकांची प्रेते मात्र एका ठिकाणी रचून ठेवली होती. ती पाहणाऱ्यांना वाटले, हे सारे स्पार्टन आणि थेस्पियाचे वीर आहेत. त्यांत हेलोटही होते, असे हिरोडोटस एका ओळीत सांगतो आणि पुढे जातो.

वैद्यक शिकताना शवविच्छेदनाच्या टेबलापाशी आम्ही जो पहिला धडा शिकलो, तो या एका ओळीत आम्हांस पुन्हा भेटला. जिवंतपणी ज्यांच्यात मालक आणि दास एवढे अंतर होते, त्यांची शरीरे शेजारी शेजारी ठेवल्यावर पाहणाऱ्यास भेद ओळखता आला नाही. भेद शरीरात नव्हताच.

आणखी एक प्रसंग आमच्या व्यवसायाशी निगडित आहे. युरिटस आणि ॲरिस्टोडेमस या दोन स्पार्टनांना तीव्र नेत्ररोग झाल्यामुळे लिओनिडासने त्यांना मागे एका गावी पाठविले होते. शत्रूने वेढा घातल्याचे कळताच युरिटसने शस्त्रे मागविली आणि आपल्या हेलोटास, मला रणांगणात ने, अशी आज्ञा केली. डोळे सुजून मिटलेला रुग्ण दुसऱ्याचा हात धरून कसा चालतो, हे आम्ही आमच्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे. वाट दाखविणाऱ्यास पुढे व्हावे लागते. त्या हेलोटाने धन्याला रणांगणापर्यंत नेले आणि नंतर तो पळून गेला. युरिटस लढून मेला आणि त्याचे नाव अमर झाले. घरी परतलेल्या ॲरिस्टोडेमसला भित्रा म्हणून वाळीत टाकण्यात आले, तरी त्याचेही नाव राहिले. हात धरून नेणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहिले नाही. त्याच्या वाट्यास एकच क्रियापद आले : पळाला.

आम्ही त्याला भ्याड म्हणावे काय? ज्या स्वातंत्र्यासाठी ती लढाई होती, त्यात त्याचा वाटा नव्हता. शौर्य दाखवून तो मिळाला असता, असेही नाही. थ्युसिडिडीज हा इतिहासकार सांगतो की, युद्धात सर्वाधिक पराक्रम केला असे वाटणाऱ्या हेलोटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, असे स्पार्टाने एकदा जाहीर केले. सुमारे दोन हजार निवडले गेले. माळा घालून त्यांनी देवळांना प्रदक्षिणा घातल्या. त्यानंतर ते नाहीसे झाले. कोण कसा मारला गेला, हे कोणालाही कळले नाही. जो स्वातंत्र्याच्या मागणीसाठी प्रथम पुढे येतो तोच धोकादायक, असा तो हिशेब होता.

परंतु कथा येथे संपत नाही. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या निर्णायक लढाईत पाच हजार स्पार्टनांबरोबर प्रत्येकी सात, म्हणजे पस्तीस हजार हेलोट होते, असे हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टात भीषण भूकंप झाला, तेव्हा हेलोट उठले आणि इथोमी डोंगरावर वर्षानुवर्षे लढले. अखेर इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्जच्या एपॅमिनोंडासने स्पार्टाचे सैन्य मोडले आणि इ.स.पू. ३६९ मध्ये मेसेनियाचे हेलोट मुक्त झाले. इथोमीच्या पायथ्याशी त्यांचे मेसेनी हे नगर वसले. त्याच्या तटबंदीचे दगडी बुरूज आजही उभे आहेत. स्पार्टाला मात्र पुष्कळ काळ तट नव्हता. आमची माणसे हाच आमचा तट, असा त्या नगरीचा अभिमान होता. ज्यांना तिने माणसांत धरले नाही, त्यांनी आपला तट स्वतः बांधला.

मुलांनो, तुम्ही या देशाच्या शाळांत शिकता, हे आमचे भाग्य आहे. पुस्तकातील तीनशे वीरांचा आदर जरूर करा. त्याबरोबर त्या मुलीचा प्रश्नही जवळ ठेवा. कोणताही आकडा समोर आला की विचारा, यात कोण मोजले गेले आणि कोण राहिले? स्वयंपाक कोणी केला? ढाल कोणी वाहिली? अंध झालेल्याचा हात कोणी धरला? नाव सापडणार नाही, तेथे निदान एक जागा रिकामी सोडा, म्हणजे वाचणाऱ्यास कळेल की येथे कोणीतरी होते.

बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. स्वयंपाक हेलोटांनी केला. आणि त्यांच्यापैकी काहीजण त्या खिंडीत मेलेही.

जयभीम.