आधी गोठा, मग गाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण रोज पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईला एक विषय पुरता ठाऊक असतो. बाजारात गाडी कोठे लावावी आणि माणसाने कोठून चालावे, हा तो विषय. त्यावर चार शब्द सांगते.

आपल्या लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला. मध्ये देवीचे देऊळ, भोवती दुकाने आणि त्या गोलाला येऊन मिळणारे १६ रस्ते. सोन्यापासून चपलेपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सारे एका फेरीत मिळते. त्या काळचे वाहन म्हणजे बैलगाडी. शेतकरी मोकळ्या जागी गाडी सोडी, बैलांपुढे वैरण टाकी आणि पायी बाजार करी. दुकानाच्या उंबऱ्याला बैल बांधू कोण देणार?

आता त्याच १६ रस्त्यांनी मोटारी, रिक्षा, स्कूटर येतात. गोल मात्र तेवढाच आहे. एका मोटारीला उभे राहण्यास साधारण अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. तेवढ्यात सहा स्कूटर मावतात. दोन्ही कडांना मोटारी लागल्या की रस्त्याची पाच मीटर रुंदी गेली. उरल्या वाटेत रिक्षा, हातगाडे आणि आपण.

आमच्या सासूबाई दर मंगळवारी देवीला जात. दोन वर्षे झाली, त्यांनी जाणे सोडले. पाय अजून धड आहेत. पण कडेने वाट नाही आणि मधून चालण्याचा धीर होत नाही. आता त्या घरूनच हात जोडतात. गाडीवाल्याची पाच मिनिटांची सोय म्हाताऱ्या माणसाचे देवदर्शन बंद करते, हे कोणाच्या हिशेबात येते का?

बरे, बंदोबस्त म्हणावा तर तोही विचित्र. कोठे सम-विषम तारखेचा फलक झाडाआड लपलेला, कोठे फलकच नाही. शेजारणीची स्कूटर अशाच जागेवरून उचलून नेली; दंड भरून संध्याकाळी सोडवून आणावी लागली. आणि इमारतीच्या नकाशात वाहनांसाठी दाखविलेल्या तळघरात कोणी गोदाम थाटले, तर त्याला विचारणारे कोणी भेटत नाही.

माझे माहेर नांदेडचे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी तेथील रस्ते रुंद झाले. चांगलेच झाले. परंतु रस्ता रुंद झाला म्हणजे चालणाऱ्याला वाट मिळतेच असे नाही. वाढलेली कड उभी वाहने खाऊन टाकतात. मुंबईत तर वाहनतळ बांधूनही ते रिकामे आणि रस्ते भरलेले, अशी गत झाली. तेव्हा २०१९ साली तेथील महापालिकेने वाहनतळाजवळच्या रस्त्यावर गाडी लावणाऱ्यास पाच हजारांपासून पुढे दंड ठरविला. जपानात १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला ती ठेवण्याची जागा आधी दाखवावी लागते. आपल्या आजीबाईंचे शहाणपण हेच होते: आधी गोठा, मग गाय.

कोणी म्हणेल, हातगाड्या हाकला म्हणजे झाले. पण भाजी विकणारी बाईही आपलीच बहीण आहे. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना ठरीव जागा मिळावयास हवी. ती द्यावी, म्हणजे तिचीही धावपळ चुकेल.

मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. एक, गोलाईभोवती पायी चालण्याची पट्टी आखून ती मोकळी ठेवावी, असा सह्यांचा अर्ज महापालिकेस द्यावा. दोन, कोणत्या इमारतीच्या मंजूर नकाशात वाहनांची जागा किती, हे २००५ च्या माहितीच्या अधिकाराने लेखी मागावे. तीन, आपल्या मुलाबाळांना सांगावे, की गाडी लांब लाव आणि शंभर पावले चाल. पहिल्या दोन गोष्टींना सरकारी वेळ लागेल. तिसरी उद्यापासून होईल.

रस्ता जसा गाडीचा, तसा काठी टेकीत चालणाऱ्याचाही आहे.