पुस्तक टिकतं कुणामुळे?

(सांगलीतील महिला गटांच्या वाचन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खूप खपलेलं पुस्तक आणि खपत राहिलेलं पुस्तक यांत फरक आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एके काळी त्यांवर लोकांच्या उड्या पडत. पण गुन्हेगार सापडला की तसं पुस्तक संपतं. टिकणारी कादंबरी मिटल्यावरही भांडण शिल्लक ठेवते.

आपल्या मातीतल्या दोघांची उदाहरणं घेऊ. १९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली आणि अण्णाभाऊ साठेंची 'फकिरा'ही. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, अण्णाभाऊंचा वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. एकाला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. दुसऱ्याला धड शाळाही मिळाली नाही. १९६९ साली ते मुंबईत हलाखीत वारले. दोन्ही पुस्तकं आजही छापली जातात.

'ययाति'ची कथा महाभारतातली. पण खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली. मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. तिथे नवरा, बायको आणि 'ती दुसरी' यांचं म्हणणं वेगवेगळं ऐकावं लागतं, तसंच हे. मात्र लेखकाचं माप शर्मिष्ठेकडे झुकतं; देवयानी अहंकारी ठरते. आमच्या गटात पुस्तक वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, "नवऱ्यानं फसवलं, आणि वर तिलाच गर्विष्ठ म्हणायचं?" दुसरी म्हणाली, "अगं, पण राजकन्येला दासी केलं ते तिनंच ना?" भाकऱ्या थापायची वेळ टळून गेली, वाद मिटला नाही. लेखकानं निकाल दिला तरी वाचणारीला अपील करता येतं, म्हणून पुस्तक जिवंत राहतं.

'फकिरा'ची गोष्ट वेगळी. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग समाजातला नायक ज्यांना आपला वाटला, त्यांनी ते पुस्तक खांद्यावर वाहिलं. जयंतीच्या मांडवात, दीक्षाभूमी-चैत्यभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या रांगेत ते विकलं गेलं. ज्या समाजाला पुस्तकात स्वतःचा चेहरा क्वचितच दिसतो, तो समाज असं पुस्तक मरू देत नाही.

म्हणजे पुस्तक टिकायला दोन गोष्टी लागतात. आत न मिटणारा प्रश्न हवा आणि बाहेर ते हातोहात पोचवणारी माणसं हवीत. पुरस्कार, अभ्यासक्रम, ग्रंथालयाची खरेदी ही त्यातलीच वाट. ती वाट कुणाच्या ताब्यात आहे, हा आपला प्रश्न.

मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह काढला, तेव्हा केवढं वादळ उठलं! पुढे १९५० साली त्यांनी 'बळी' लिहिली. 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं जाई, त्या वसाहतीची ही कादंबरी. प्रश्न आजही मिटलेला नाही. तरी आपल्यापैकी किती जणींनी ती वाचली? मघाशी विचारलं तेव्हा दोनच हात वर झाले. यात पुस्तकाचा काय दोष? आपण ते एकमेकींच्या हाती दिलंच नाही.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे तो पैसा आपलाही आहे. तेव्हा गावातल्या वाचनालयाच्या सभासद व्हा. पुस्तकाची मागणी लेखी द्या आणि खाली दहा जणींच्या सह्या घ्या. खरेदी ठरवणाऱ्या समितीत बाई आहे का ते विचारा. नसेल तर उभ्या राहा. वाचता न येणाऱ्या बाईला दर बैठकीत एक प्रकरण वाचून दाखवा. तिलाही भांडायचा हक्क आहे.

पुढच्या तिमाहीला 'बळी' वाचून या. देवयानीसाठी भांडलात तशाच भांडा.