श्रम, व्यायाम आणि सवड



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींनी याच मैदानावर भल्या पहाटे आम्हांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. म्हणून आज मी व्यायामाविषयीच बोलणार आहे. प्रांताप्रांतांतून व्यायामाच्या सवयी निराळ्या का, हा माझा प्रश्न.

पहिले कारण आश्रयाचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतून तालमी नांदल्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि ते शाळाशाळांतून पोहोचले. आपल्या इंदुरात होळकरांनी क्रिकेटला हात दिला. कर्नल सी. के. नायडू ज्याचे आधारस्तंभ होते, त्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब माळव्यात असा रुजला, की २०१३ साली मध्यप्रदेशाने त्याला राज्यक्रीडेचा मान दिला.

दुसरे कारण उपजीविकेचे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांबरोबर अखाड्यांचे खेळ निघतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. ज्याची रोजची भाकरीच हिरावली जाते, त्याने खुराक कोठून आणावा?

तिसरे कारण मात्र आपण सहसा उच्चारीत नाही. आम्ही मुले नमस्कार घालीत असू, तेव्हा माझी थोरली बहीण नळावर पाण्यासाठी उभी असे. तिच्या वाट्याला श्रम होते, व्यायाम नव्हता. उतारवयात गुडघे धरले, तेव्हा डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितले. ती हसून म्हणाली, "आजवर सवड कोणी दिली होती?"

चार प्रदेशांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शहरांतील ६५ टक्के, तर खेड्यांतील ५० टक्के माणसे पुरेशी हालचाल न करणारी आढळली. पण केवळ आवडीखातर कोणताही व्यायाम वा खेळ न करणारे महाराष्ट्रात ९१.३ टक्के, झारखंडात ९४.८ टक्के आणि चंदीगडातही ८८.४ टक्के होते. चारही ठिकाणी शरीर हलत होते ते मुख्यतः कामापायी, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रिया मागे होत्या. म्हणजे प्रांताप्रांतांत रीत निराळी असली, तरी सवडीचे दारिद्र्य सर्वत्र सारखेच.

परंपरेचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु ती परंपरा बव्हंशी पुरुषांचीच राहिली, हेही प्रांजळपणे मान्य करावे. म्हणून विद्यालयाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. पहाटे तासभर हे मैदान विद्यार्थ्यांच्या आयांसाठी व आज्यांसाठी खुले ठेवावे. आणि त्या तासापुरते घरचे पाणी आपण पुरुषांनी भरावे. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.