मुलांच्या हातातील फोन आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या दौंड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य खडू व फळा यांच्या संगतीत गेलेले. संगणकाचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. तथापि आजचा विषय यंत्राचा नसून मुलांचा आहे, आणि मुलांविषयी बोलण्याचा अल्पसा अधिकार तेहतीस वर्षांच्या नोकरीने आम्हांस दिला आहे, असे आम्ही समजतो.

आपले दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून येथील मुले रुळांच्या शेजारीच वाढत आली. रूळ धोक्याचे म्हणून ते उखडून टाका असे कोणी म्हटले नाही, की मुलांस घरात कोंडूनही ठेवले नाही. वडील माणसांनी बोट धरून पुलावरून नेले, सिग्नल दाखविला, कोठे उभे राहावयाचे नाही ते बजावले, आणि मूल जाणते झाल्यावर बोट सोडले. आज तसाच एक अदृश्य रूळ प्रत्येक घरातून गेला आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि जो फोन आपण मुलांच्या हातून काढून घेत होतो तोच अभ्यासाकरिता आपण होऊन त्यांच्या हाती दिला. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र परत आला नाही. बोट धरण्याचे काम तेवढे राहून गेले.

उपदेश करण्यापूर्वी आपला दोष सांगावा, ही जुनी रीत आहे. म्हणून आमच्या घरची हकीकत सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून अकरा हजार सहाशे रुपये एकाएकी गेले. दोनच दिवसांपूर्वी बाजारातील एका मुलाने आमच्या फोनची काच बदलून दिली होती. आमचा संशय त्याच्यावर गेला. आम्ही त्याच्या दुकानी जाऊन, चार माणसांदेखत, नाही नाही ते बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

त्यानंतर चार दिवस आमचा आठवीतील नातू नीट जेवला नाही. पाचव्या रात्री त्याने आजीपाशी तोंड उघडले. खेळात भेटलेल्या एका न पाहिलेल्या ‘मित्राने’ त्यास खेळातील पोशाख फुकट देण्याचे आमिष दाखवून आमच्या कार्डावरील आकडे व फोनवर आलेला ओटीपी मागून घेतला होता. पैसे गेले हे पोरास त्याच दिवशी कळले होते. मग तो बोलला का नाही? आजीने विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आबा मारतील.”

बंधुभगिनींनो, मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करणारा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्या दिवशी आमच्या हातातील छडी गेली. डोळ्यांतील गेली नाही. दुसऱ्या दिवशी नातवास बरोबर घेऊन आम्ही त्या दुकानी गेलो, आणि ज्या चौघांदेखत बोललो होतो त्यांपैकी दोघे तेथे होते त्यांच्यादेखत त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने आम्हांस बाकावर बसवून चहा पाजला. पैसे परत आले नाहीत. पहिल्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार केली असती तर ते मध्येच अडविले जाण्याचा संभव होता. पण मूल बोलावयास धजले नाही, आणि आम्ही भलत्याच दारी गेलो.

या प्रसंगातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. फोनवरून मुलांस फसविणाऱ्या माणसाचे खरे शस्त्र त्याच्या हाती नसते. ते आपल्या घरात असते. “घरी सांगितलेस तर बघ,” एवढी धमकी त्यास पुरते, कारण मुलास त्याच्यापेक्षा आपले भय अधिक वाटते. एखादी मुलगी गोड बोलण्यास भुलून आपले छायाचित्र पाठविते, आणि मग त्या एका छायाचित्राच्या धाकावर दुसरे मागितले जाते, पैसे मागितले जातात. ज्या क्षणी ती आईस सांगेल त्या क्षणी तो धाक निम्मा सरतो. म्हणून आपल्या घरातील प्रत्येक मुलामुलीस आजच हे वचन द्यावे: “तुझ्या हातून कितीही मोठी चूक होवो, तू येऊन सांग, आधी मार्ग काढू, रागावणे मागाहून पाहू.” आणि हे वचन पाळावे. एकदा मोडले की मूल दुसऱ्यांदा येत नाही.

अब्रूच्या भयाने पुष्कळ घरे गप्प बसतात. त्यांनी कायदा काय म्हणतो ते जाणून घ्यावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकाचे नाव व ओळख उघड करता येत नाही. त्याचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, तो शक्य तोवर स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो, आणि जबाब घेणाराने गणवेशात असावयाचे नसते. मुलांची अश्लील चित्रे बनविणे, बाळगणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब अन्वये अपराध आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर स्त्रिया व बालके यांच्यासंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मात्र संताप वा लाज यांच्या भरात फोनमधील संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय.

आता नित्याच्या शिस्तीविषयी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक पायंडा पाडला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजतो, आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन व फोन बंद ठेवून मुले अभ्यासास बसतात, असा तो ठराव. त्यातील मर्म भोंग्यात नाही. फोन थोरांनीही बाजूस ठेवावा, यात आहे. बाप फोनमध्ये डोके घालून मुलास “पुस्तक वाच” म्हणेल, तर मूल बापाचे ऐकणार नाही, बापाचे पाहील.

भीमेत पोहावयास शिकविताना आधी पाठीस सुका भोपळा बांधीत, आणि दम आला की तो सोडीत. तोच क्रम येथे योग्य होय. लहान मुलाने फोन पाहावयाचा तर माजघरात, सर्वांसमक्ष. तेरा वर्षांखालील मुलांनी खाते उघडू नये, हा तर इन्स्टाग्रामचा स्वतःचाच नियम आहे. वय खोटे घालून आपणच तो मोडू नये. पुढे मोठ्या मुलांस मोकळीक द्यावी. पण रात्री सर्वांचे फोन एकाच ठिकाणी ठेवावेत, आपलाही तेथेच. ओटीपी कोणासही सांगावयाचा नाही, आणि पैसे मिळण्याकरिता पिन घालावा लागत नाही, हे पाढ्यांप्रमाणे पाठ करून घ्यावे. चोरून पाळत ठेवू नये. काय पाहणार ते मुलास सांगून पाहावे.

मुलांनी सुरक्षित राहावे, तसेच त्यांच्या हातून दुसऱ्याचा घात होऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. फोनवरून फिरलेल्या खोट्या अफवांनी ते विष पेरले होते. आणि दूर कशास जावे? १ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जाळपोळ झाली. संदेश पुढे धाडण्यास एक बोट लागते. विझविण्यास सारा गाव पुरा पडत नाही. बाजारात त्या निरपराध मुलास चोर ठरविणारे आम्ही हे विसरू शकत नाही. खातरजमा न करता पुढे धाडलेला संदेश म्हणजे चार माणसांदेखत केलेला खोटा आरोपच होय, आणि हा अपराध मुलांपेक्षा आम्ही म्हातारेच अधिक करतो.

शेवटी मंडळास तीन नम्र सूचना. पहिली, वधूवर सूचीतील मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, पत्ते व फोन क्रमांक शेकडो माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची प्रथा बंद करून ती माहिती मागणाऱ्या कुटुंबास मंडळाच्या कार्यालयातूनच द्यावी. दुसरी, आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे शाळेच्या नावासह सर्वत्र धाडण्यापूर्वी आईबापांस व त्या मुलांसही विचारावे. तिसरी, संस्थेतील एक वडील भगिनी व एक वडील बंधू असे नेमावेत की ज्यांच्यापाशी कोणतेही मूल मन मोकळे करील, आणि १९३० व १०९८ हे आकडे स्मरणिकेच्या मलपृष्ठावर ठळक छापावेत.

आमच्या नातवास आम्ही नंतर विचारले, “आता काही झाले तर कोणास सांगशील?” तो क्षणभर थांबून म्हणाला, “आधी आजीला.” उत्तर प्रामाणिक होते. आम्हांस अजून काम करावयाचे आहे, हे त्यातून आम्ही समजलो. आपणां सर्वांच्या घरी मुलांचे उत्तर “कोणालाही” असे येवो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.