जीवाणूंचे पटल भेदणारे पेप्टाइड
(रेडमंड, वॉशिंग्टन राज्य येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आज मी अशा एका शस्त्राविषयी बोलणार आहे, जे आपणा प्रत्येकाच्या त्वचेत, अश्रूंत आणि आतड्यांत निसर्गाने ठेवलेले आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘जीवाणुरोधी पेप्टाइड’ म्हणतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिनाचे धाकटे भावंडच म्हणा ना! बहुधा बारा ते पन्नास दुव्यांची.

१९८१ मध्ये स्वीडनचे हान्स बोमान यांनी एका पतंगाच्या कोशात असे पेप्टाइड शोधले. पुढे अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. बेडकाच्या त्वचेत त्यांना तेवीस दुव्यांचे पेप्टाइड सापडले. १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ‘ढाल’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्याचे नाव ‘मॅगेनिन’ ठेवण्यात आले.

हे शस्त्र चालते कसे? प्रत्येक जीवाणूभोवती स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपट, म्हणजे अवघी चार नॅनोमीटर. जीवाणूच्या पटलावर ऋण विद्युतभार असतो आणि पेप्टाइडवर धनभार. त्यामुळे ते तेथे ओढले जाते. त्याची एक बाजू पाण्यात रमणारी, तर दुसरी तेलात रमणारी. तेलकट बाजू पटलात शिरते. पुरेशी पेप्टाइडे जमली की काही जण पिंपाच्या फळ्यांप्रमाणे उभी राहून मध्ये छिद्र करतात; मॅगेनिनसारखी काही स्निग्ध रेणूंनाच आत वाकवून भोक पाडतात; तर काही सतरंजीसारखी पसरून, साबणाने तेलकटपणा सुटावा तसे पटलाचे तुकडे करतात. आतील पोटॅशियम बाहेर गळते, पटलावरील विद्युतदाब कोसळतो आणि काही मिनिटांत जीवाणू मरतो.

मग आपल्या पेशी कशा वाचतात? आपल्या पेशीपटलाचा बाहेरील थर जवळजवळ भाररहित असतो आणि त्यातील कोलेस्टेरॉल त्याला बळकटी देते. शत्रू-मित्र ओळखण्याची सारी किमया या फरकात आहे. मात्र ही ओळख सर्वांना साधत नाही. मधमाशीच्या विषातील मेलिटिन हे सव्वीस दुव्यांचे पेप्टाइड आपल्या तांबड्या रक्तपेशीही फोडते.

याच जातीचे एक औषध आपल्या रुग्णालयांत आहे. त्याचे नाव कोलिस्टिन. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून ते मागे पडले होते. परंतु इतर प्रतिजैविके निष्प्रभ होऊ लागल्यावर डॉक्टरांना त्याच्याकडे शेवटचा उपाय म्हणून वळावे लागले. आणि त्याच औषधाचा वापर कोंबड्या-डुकरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून होत राहिला! २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘एमसीआर-१’ हे जनुक शोधले. ते जीवाणूच्या बाह्य आवरणाचा ऋणभार घटवते, म्हणजे कोलिस्टिनला ओढणारा लोहचुंबकच दुबळा होतो. शिवाय हे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. भारत सरकारने २०१९ मध्ये पशुपालन, कुक्कुटपालन आणि मत्स्यपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. पटल बदलणे जीवाणूला अवघड असते, पण अशक्य नसते, हा याचा धडा.

म्हणूनच नव्या पेप्टाइडांचा शोध चालू आहे. येथे बसलेल्या संगणकतज्ज्ञांना हे ऐकून समाधान वाटेल की, आपल्या मुंबईत, परळ येथे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. सुसान इडिक्युला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा माहितीकोश उभारला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी साखळी जीवाणुरोधी ठरेल काय, याचे भाकीत त्यातील संगणकीय पद्धती करतात. तथापि प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट लांब आहे. मॅगेनिनवरून बनविलेल्या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मान्यता नाकारली. शरीरातील विकरे अशा साखळ्या लवकर तोडतात, हीदेखील एक अडचण आहे.

तोवर हाती असलेली औषधे जपणे हाच मार्ग. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मायदेशातून आणलेल्या प्रतिजैविकांच्या पट्ट्या असतात. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर त्या गोळ्या निरुपयोगी आहेत. उलट शरीरातील इतर जीवाणूंना प्रतिकाराची तालीम मात्र मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या घेऊ नका. गावी आई-वडिलांनाही दूरध्वनीवरून हेच सांगा. आपण आज निष्कारण घेतलेल्या गोळीची किंमत उद्या एखाद्या अनोळखी घरच्या तान्ह्या मुलाला मोजावी लागू शकते.