मोडून झालेल्या पदार्थाचा आरसा



दीक्षान्ताच्या पाहुण्याने ‘खंबीर व्हा, टिकून राहा’ असं सांगायची रीत आहे. मी भौतिकशास्त्रवाला. मला बोलायचंय ते अशा आरशाबद्दल, जो सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागात काम उरकतो आणि संपतो.

इथलं, सिंगापूरच्या बुकित बाटोकमधलं श्याओ गुइलिनचं तळं तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. ती मुळात डोंगर फोडून केलेली दगडाची खाण. प्रकाशाने दगड फोडायचा, तोही पार अणूपर्यंत, तर किती जोर लागेल? चौरस सेंटिमीटरला एकावर चौदा शून्ये एवढे वॅट पडले, की कुठल्याही पदार्थातले इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात आणि प्लाझ्मा होतो. आजचे लेसर याच्या दहा हजार पट सहज जातात. ही वाट १९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी दाखवली: लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, आधी वेळेत ताणायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची, शेवटी पुन्हा आवळायचा. त्याबद्दल २०१८चं नोबेल मिळालं.

पण आवळून झाल्यावर? एवढा प्रकाश वळवायचा कशाने? काच फुटते, सोन्याचा मुलामा उडतो. म्हणून स्पंद आवळणाऱ्या बारीक रेषांच्या जाळ्या मोठाल्या कराव्या लागतात, प्रकाश पसरून पडावा म्हणून. मला यातली गंमत आवडते ती अशी, की उपाय अधिक मजबूत काचेत सापडला नाही. तो सापडला आधीच मोडलेल्या पदार्थात. प्लाझ्माचं आणखी काय मोडणार?

मुख्य स्पंदाच्या पुढे थोडा भुरटा प्रकाश धावत असतो. तो दशलक्ष पटींनी क्षीण असला तरी ज्यावर स्पंद पाडायचा ते लक्ष्य आधीच विस्कटून टाकतो. मग वाटेत परावर्तन न करणारी काच ठेवतात. भुरटा प्रकाश तिच्यातून आरपार निघून जातो. खऱ्या स्पंदाची चढण आली, की काचेचा पृष्ठभाग प्लाझ्मा होतो. घन सेंटिमीटरमधले इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे गेले, की तोच आरसा बनतो आणि स्पंद स्वच्छ होऊन परततो. पुढच्या वेळी काच सरकवून कोरी जागा द्यायची. आणि प्रकाश फारच तीव्र झाला तर? इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचून जड होतात, आणि अडवणारा प्लाझ्मा पारदर्शक होतो. हे प्रेधिमन काव आणि जॉन डॉसन यांनी १९७० साली कागदावर मांडलं होतं, असे लेसर नव्हते तेव्हा.

आता मुंबई. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: प्लाझ्माला जन्मण्याआधीच घडण देता येईल का? गुळगुळीत तांब्यावर पडलेला बराचसा प्रकाश परततो. त्यांनी तांब्यावर नॅनोकणांचा थर दिला. कणांच्या वळणांशी विद्युतक्षेत्र एकवटतं, प्रकाश जास्त शोषला जातो आणि तीव्र क्ष-किरण कैक पटींनी वाढतात. ते काम २००३ साली छापून आलं. मग त्याच संस्थेतल्या एम. कृष्णमूर्ती यांच्या गटाने चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर लावून पाहिला. मायक्रोमीटरभराची ती कांडी कारखान्यात घडवावी लागत नाही, बशीत वाढते. त्या थरातून निघालेले क्ष-किरणही उजळ होते. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात चलाख प्रयोग हाच. मात्र इथेही भुरट्या प्रकाशाशीच गाठ आहे. तो आधी पोचला तर कण वितळून सपाट होतात आणि सगळी घडण फुकट.

काम अजून अर्धंच झालंय. दोन लेसर एकमेकांना छेदून प्लाझ्मातच पट्ट्यापट्ट्यांची जाळी उभी करता येते. तिच्यावर प्रकाश वळवता येतो, कदाचित आवळताही येईल. पण पट्ट्या पुसत जातात, घनता सगळीकडे सारखी राहत नाही, आणि सेकंदाला दहा वेळा तीच जाळी जशीच्या तशी उभी करणं फार कठीण आहे. इथून पश्चिमेला, नान्यांग तंत्रविद्यापीठाच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत कित्येक वर्षं प्लाझ्मावर काम चालू आहे. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात पेटावॅट लेसर आहे. कुलाबा तर आहेच. तुमच्यापैकी कुणाला अर्ज करायचा असेल तर कार्यक्रमानंतर मला गाठा. गुणपत्रिका नको; हाताने बनवलेलं, एकदा तरी बिघडलेलं एखादं यंत्र दाखवा.